फासे उडाले की हात वर

नमस्कार सर,

मी 64 वर्षांची, मूळची ठाण्याची. बँकेत नोकरी केली, त्यातली निम्मी कॅश काउंटरवर गेली. सध्या सहा महिने मुलाकडे न्यू जर्सीतल्या एडिसनला आहे. इथल्या आमच्या ज्येष्ठांच्या गटाची महिन्यातून एकदा अटलांटिक सिटीला बस जाते. समुद्र बघायचा, जेवायचं, आणि ज्याला हवं त्याने कॅसिनोत डोकवायचं. मागच्या वेळी मी यंत्रावर वीस डॉलर घालवले, तेही पंधरा मिनिटांत. खरं सांगते, कंटाळाच आला. बटण दाबायचं नि बघत बसायचं. पण पलीकडे एका लांबलचक टेबलाभोवती माणसं अशी ओरडत होती की वाटावं शेवटच्या चेंडूवर षटकार बसला. त्या खेळाला क्रॅप्स म्हणतात असं कळलं. अर्धा तास उभी राहून बघितलं, काही म्हणजे काही समजलं नाही. एका गृहस्थांनी सरकून जागासुद्धा दिली, तर मी घाबरून निघून आले.

तीन आठवड्यांनी पुन्हा बस आहे आणि मला हे शिकायचं आहे. या वयात हसं होईल का? किती पैसे न्यावेत? आणि मुलाला सांगायलाच हवं का? पैसे माझ्या पेन्शनचे आहेत. सुनेला थोडा अंदाज आलाय. ती म्हणाली, "आई, घरात महाभारत नको."

– टेबलाजवळून परत आलेली, एडिसन

ताई,

हसं होईल. थोडंसं होईल आणि दहा मिनिटांत सगळे विसरतील. माझं झालं होतं ते सांगतो, म्हणजे तुमचं त्यापेक्षा कमी होईल.

मुलीकडे फिलाडेल्फियाला गेलो असताना जावयाने मला तुमच्याच अटलांटिक सिटीत अशा एका टेबलाशी नेऊन उभं केलं. आयुष्यभर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलेला माणूस मी. दोन फाशांचं गणित झोपेत फळ्यावर लिहीन, म्हणून ऐटीत गेलो. खिशातून शंभराची नोट काढून डीलरच्या हातात द्यायला गेलो, तर त्याने हात असा मागे घेतला की जणू मी लाच देतोय. थोड्या वेळाने फासे माझ्याकडे आले. ते मी नातवाबरोबर सापशिडी खेळताना खुळखुळवतो तसे दोन्ही तळव्यांत धरून खुळखुळवले. टेबलामागची माणसं एकदम "एक हात, सर, एक हात!" म्हणून ओरडली. गणित येत होतं, टेबल येत नव्हतं. तुम्ही काउंटरच्या आतल्या बाजूला बसलेल्या आहात, तुम्हाला हे माझ्यापेक्षा लवकर जमेल. तिथेही सगळा कारभार असाच आहे: पैसे हातातून हातात जात नाहीत, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, कॅमेऱ्याखाली मांडले जातात.

तुम्हाला काही समजलं नाही याचं कारण असं की तुम्ही टेबलावर पसरलेलं ते सगळं छापील कापड वाचायचा प्रयत्न केलात. त्या कापडावर लग्नाच्या पंगतीइतके पदार्थ वाढलेले असतात, आणि त्यातले बरेचसे न खाण्याच्या लायकीचे. तुम्ही एकच ओळ शिका. टेबलाच्या कडेने तुमच्या पुढ्यातून जाणारी लांब पट्टी असते, तिच्यावर लिहिलेलं असतं 'पास लाइन'. पहिल्या दिवशी तेवढंच.

खेळ असा. टेबलाभोवतीचा एक जण फासे टाकतो, त्याला शूटर म्हणतात. त्याचं पहिलं दान म्हणजे 'कम आउट'. त्याआधी तुम्ही आपली चिप, म्हणजे पैशांच्या बदल्यात मिळणारं टोकन, पास लाइनवर ठेवायची. पहिल्याच दानात बेरीज 7 किंवा 11 आली तर तुम्ही जिंकलात, जितके लावले तितके मिळाले. 2, 3 किंवा 12 आले तर गेले. उरलेल्यांपैकी म्हणजे 4, 5, 6, 8, 9, 10 यांपैकी काही आलं तर तो आकडा 'पॉइंट' होतो. मग डीलर एक गोल चकती उचलतो. तिची एक बाजू काळी, तिच्यावर 'ऑफ'. दुसरी पांढरी, तिच्यावर 'ऑन'. पांढरी बाजू वर करून तो ती त्या आकड्यावर ठेवतो. आता शूटर फासे टाकतच राहतो. पॉइंटचा आकडा पुन्हा आला तर तुम्ही जिंकलात. त्याआधी 7 आला तर हरलात आणि फासे पुढच्या माणसाकडे गेले. मधे दुसरं काहीही येवो, तुमच्या चिपला त्याचं सोयरसुतक नाही.

झालं. एवढाच खेळ आहे. टेबलाशी गेल्यावर आधी चकती शोधा. काळी असेल तर नवा डाव सुरू होतोय, पांढरी असेल तर मधे चाललाय.

आता यातली गंमत बघा, कारण तुम्ही आकड्यांच्या बाई आहात. दोन फाशांची 36 दानं होतात. त्यांपैकी 7 ही बेरीज सहा रीतींनी येते. 6 आणि 8 प्रत्येकी पाच रीतींनी, 5 आणि 9 चार, 4 आणि 10 तीन, 3 आणि 11 दोन, 2 आणि 12 एकेक. डोंगर आहे, शिखरावर 7. म्हणजे पहिल्या दानाला तुमच्या बाजूने आठ रीती (सातच्या सहा, अकराच्या दोन) आणि विरुद्ध फक्त चार. पहिलं दान तुमचं! पॉइंट ठरला की मात्र तोच 7 पक्ष बदलतो. पॉइंट 4 असेल तर तुमच्या तीन रीती, त्यांच्या सहा. पॉइंट 6 असेल तर पाचास सहा, म्हणजे जवळजवळ बरोबरी. टेबलावरची माणसं पहिल्या दानाला सातासाठी ओरडतात आणि नंतर त्याच सातचं नाव काढू देत नाहीत, ते यामुळे. पॉइंट लागलेला असताना मोठ्याने "सेव्हन" म्हणू नका. अंधश्रद्धा आहे, पण मंगळागौरीला जाऊन कोणी वादविवाद करत नाही, तसंच हे. सातशी घोटाळा होऊ नये म्हणून तर अकराला तिथे "यो" म्हणतात. इंग्रजीत दोन्ही आकड्यांचा शेवट गोंगाटात सारखाच ऐकू येतो.

सगळी बेरीज-वजाबाकी केली की पास लाइनचा हिशेब असा निघतो: सरासरी 495 डावांत तुम्ही 244 जिंकता, कॅसिनो 251. फरक सातचा. (पुन्हा सातच. मला हे पहिल्यांदा वहीत दिसलं तेव्हा मी एकटाच हसलो होतो.) 495 मध्ये 7 म्हणजे 1.41 टक्के. शंभर डॉलर लावले तर दीर्घकाळात कॅसिनोचा वाटा 1 डॉलर 41 सेंट. तुम्ही ज्या यंत्रापुढे बसला होतात, त्याने लावलेल्या रकमेतले किमान 83 टक्के लोकांना परत दिले पाहिजेत असा न्यू जर्सीचा नियम आहे. प्रत्यक्षात यंत्रं त्याहून बरंच जास्त परत देतात, पण या पट्टीइतकं नाही. तुम्हाला कंटाळा आला तो योग्य ठिकाणी आला.

पास लाइनच्या मागे आणखी एक गोष्ट आहे, आणि ती कापडावर लिहिलेलीच नसते. तिला 'ऑड्स' म्हणतात. पॉइंट ठरल्यानंतर आपल्या चिपच्या मागे, पट्टीच्या बाहेर, आणखी चिप्स ठेवता येतात. या चिप्सवर कॅसिनोचा वाटा शून्य. पॉइंट 4 किंवा 10 असेल तर एकास दोन मिळतात, 5 किंवा 9 असेल तर दोनास तीन, 6 किंवा 8 असेल तर पाचास सहा. डोंगराच्या रीतींशी ताडून बघा, पैसाही इकडचा तिकडे नाही. अख्ख्या कॅसिनोत इतका सरळ सौदा दुसरा सापडणं कठीण, म्हणूनच बहुधा त्याची जाहिरात नाही. मात्र इथे एक सावधगिरी. वाटा शून्य याचा अर्थ धोका शून्य असा नाही. पट्टीवर 15 आणि मागे 15 म्हणजे एका सातला 30 गेले. म्हणून पहिले आठ-दहा डाव ऑड्सशिवाय खेळा. मग वाटलं तर एकपट ठेवा.

कॅशियरबाईंसाठी खास टीप: पॉइंट 5 किंवा 9 असताना मागे 15 ठेवू नका. दोनास तीन या हिशेबाने साडेबावीस होतात आणि टेबलावर अर्धा डॉलर बहुधा नसतो, तो वरचा अर्धा गिळला जातो. सम रक्कम ठेवा, 20 ठेवली तर सरळ 30. आणि 6 किंवा 8 असेल तर पाचाच्या पटीत. आणखी एक: मागच्या ऑड्सच्या चिप्स हव्या तेव्हा उचलता येतात, पट्टीवरची चिप पॉइंट लागल्यावर उचलता येत नाही. ती अडकली. चांगलं दान तुम्ही आधीच उपभोगलंत ना, आता त्यांची पाळी.

टेबलाच्या मधोमध चित्रंबित्रं काढलेला भाग दिसेल. तिथे काठी घेऊन उभा असतो तो स्टिकमन. फासे सरकवणं हे त्याचं काम, आणि मधला माल विकणं हेही. मंडईतल्या भाजीवाल्यासारखा तो दर दानाआधी पुकारत असतो: हार्डवे घ्या, यो घ्या, एनी सेव्हन घ्या. माणूस गोड असतो, माल महाग असतो. 'एनी सेव्हन' म्हणजे पुढच्याच दानाला 7 येईल ही पैज. सातच्या सहा रीती, विरुद्ध तीस, म्हणजे न्यायाने एकास पाच मिळायला हवेत. देतात एकास चार. शंभरामागे सोळा-सतरा डॉलरचा वाटा. पट्टीवर दीड डॉलरसुद्धा नाही, आणि त्याच कापडावर हातभर अंतरावर सोळा. 'हार्ड एट' म्हणजे चार-चार पडून झालेला आठ. तिथे नऊ टक्के. हे शब्द ऐका, मजा घ्या, चिप हातात धरून ठेवा.

'फील्ड' नावाचा एक मोठा चौकोन मात्र फसवा आहे. त्यात 2, 3, 4, 9, 10, 11, 12 असे सात आकडे असतात आणि नवख्याला वाटतं, अकरापैकी सात आकडे माझे! मी माझ्या विद्यार्थ्यांना हाच प्रश्न परीक्षेत घातला असता. आकडे सात, पण त्यांच्या रीती किती? मोजा: एक, दोन, तीन, चार, तीन, दोन, एक. सोळा. विरुद्ध वीस. 2 आणि 12 वर थोडं जास्त देऊन ते भरपाई करतात, पण पुरती नाही.

आणि 'डोन्ट पास' म्हणून एक उलटी पट्टी असते, तिथे शूटर हरावा म्हणून पैसे लावतात. गणिताने ती पास लाइनपेक्षा कणभर बरी: 1.41 ऐवजी 1.36 टक्के. शंभर डॉलरला पाच सेंटचा फायदा. तेवढ्यासाठी पंधरा माणसं रडत असताना एकटीने हसायचं? ज्या गृहस्थांनी सरकून तुम्हाला जागा दिली, त्यांच्या विरुद्ध पहिल्याच दिवशी पैसे लावू नका.

तर आता प्रत्यक्ष तिथे काय करायचं. दुरून बघा, चकती काळी असेल तेव्हा कठड्याशी जा. डाव रंगलेला असताना मधेच कोणी आलं आणि पुढच्या दानाला 7 पडला, तर दोष फाशांना देत नाहीत. फासे स्टिकमनजवळ आहेत हे बघून नोट आपल्या पुढ्यात कापडावर ठेवा आणि म्हणा, "चेंज, प्लीज." डीलर ती उचलेल, मधे बसून पैशांवर लक्ष ठेवणाऱ्या बॉक्समनला दाखवेल, आणि चिप्स तुमच्या पुढ्यात सरकवेल. त्या उचलून कठड्याच्या वरच्या खाचेत, तुमच्या समोर ठेवा. शेजाऱ्याच्या नाही. पर्स खांद्यावर, पाण्याचा ग्लास खालच्या फळीवर. कठड्यावरून टेबलावर काही सांडलं तर खेळ थांबतो आणि मग तुमच्याकडे बघतात.

सगळ्यात महत्त्वाचं: स्टिकमनने फासे शूटरकडे सरकवले की दोन्ही हात टेबलाबाहेर. चिप ठेवायची राहिली असेल तर राहू दे. उडालेला फासा तुमच्या हातावर आपटला तरी दान धरलं जातं, आणि तो 7 असेल तर त्या टेबलावर तुमचं नाव कायमचं झालं.

फिरत फिरत फासे तुमच्याकडे येतील. टाकायचे नसतील तर नुसतं "पास" म्हणा, कुणाला वाईट वाटत नाही. पण मी तुमच्या जागी असतो तर टाकले असते. पट्टीवर तुमची चिप असली पाहिजे. स्टिकमन चार-पाच फासे पुढ्यात ठेवेल, त्यातले दोन एका हाताने उचला. एका हाताने, ताई, दुसरा पाठीमागे बांधल्यासारखा! टेबलाबाहेर न नेता समोरच्या टोकाच्या भिंतीवर आपटतील असे फेका. भिंतीला रबराचे छोटे पिरॅमिड असतात, त्यांवर आपटून फासे सैरावैरा होतात. म्हणून "मी फासे असे धरतो, तसे धरतो" असं सांगणारा कोणी भेटला तर ऐकून सोडून द्या. आणि पहिल्यांदाच फासे टाकणारी बाई म्हणजे टेबलाचा शकुन असतो अशी तिथली जुनी समजूत आहे. तुम्ही पहिल्यांदाच टाकताय हे कळलं तर ते टाळ्या वाजवतील. हसं होण्याची भीती तिथेच संपते.

अटलांटिक सिटीत ही समजूत खरी ठरल्याचं एक प्रसिद्ध उदाहरणही आहे. मे 2009 मध्ये बोर्गाटा कॅसिनोत न्यू जर्सीच्याच एका आजीबाईंनी, पॅट्रिशिया डेमॉरो त्यांचं नाव, सलग 154 दानं टाकली. 4 तास 18 मिनिटं फासे त्यांच्याच हातात. क्रॅप्सचा त्यांना फारसा अनुभवही नव्हता. त्याआधीचा गाजलेला विक्रम लास व्हेगासचा, 1989 मधला, 118 दानांचा होता. हे मी तुम्हाला सांगतोय कारण तिथे कोणीतरी सांगणारच, आणि मग डोक्यात भलतं शिरण्यापेक्षा हेही शेजारी असू दे: सामान्य शूटरच्या हातात फासे सरासरी आठ-नऊ दानंच टिकतात.

आधी घरी सराव करा. नातवंडांच्या ल्युडोतून दोन फासे घ्या, चिप्स म्हणून राजम्याचे दाणे, चकती म्हणून एक बाटलीचं झाकण. डायनिंग टेबलावर पन्नास डाव खेळा आणि वहीत लिहा: पहिलं दान, पॉइंट, निकाल, हातातले दाणे. तीन दिवस रोज अर्धा तास केलंत की चकतीकडे न बघता कळायला लागेल. पन्नास डावांत तुम्ही जिंकताय असं दिसलं तर हुरळून जाऊ नका. ते 251 आणि 244 पन्नासात दिसत नाहीत.

तिथे पोचल्यावर थेट टेबलाशीच जायचं असंही नाही. काही कॅसिनोंत सकाळच्या वेळी फुकट शिकवणी असते, माहिती काउंटरवर विचारा. शिवाय 'बबल क्रॅप्स' नावाचं यंत्र असतं. काचेच्या घुमटात खरेखुरे फासे उडतात, भोवती खुर्च्या, पैज टेबलापेक्षा बरीच लहान. नियम तेच. तासभर तिथे बसलात तर पुढे टेबलाशी उभं राहताना छाती धडधडणार नाही. आणि गुडघेही वाचतील, कारण क्रॅप्स उभ्याने खेळतात.

पैशाचं आता. टेबलावर एक पाटी असते, तिच्यावर कमीत कमी पैज लिहिलेली. साधारण 15 ते 25 डॉलर, शनिवार-रविवारी आणखी वर जाते. तुमची बस आठवड्याच्या मधल्या दिवशी जात असेल तर बरं. 15 च्या टेबलावर तासाला साधारण तीस डाव होतात, म्हणजे फक्त पट्टीवर खेळलात तर सरासरीने कॅसिनोचा वाटा सहा-साडेसहा डॉलर. पण ही सरासरी. प्रत्यक्षात एका तासात 80 डॉलर इकडे किंवा तिकडे होणं अगदी रोजचं आहे, आणि शंभरावर गेले तरी त्यात आश्चर्य नाही. तेव्हा 150 डॉलर एका पाकिटात घाला. नाटकाचं महागडं तिकीट काढलंय असं समजून. ते गेले तर गेले. तेवढे गेले तर पोटात गोळा येईल असं वाटत असेल तर 15 चं टेबल तुमचं नाही. बबल क्रॅप्सवर 40 डॉलरमध्ये तेवढीच मजा आहे. एटीएमचं कार्ड बसमधल्या मैत्रिणीकडे ठेवा. जिंकलेले पाकिटात परत घालू नका, पर्सच्या दुसऱ्या कप्प्यात टाका.

निघताना चिप्स डीलरपुढे ठेवून "कलर" म्हटलं की तो लहान चिप्सच्या मोठ्या करून देतो, मग कॅशच्या खिडकीवर जायचं. मजा आली असेल तर एखादी चिप डीलर मंडळींना द्या. कराबद्दल एकच ओळ, बँकेतल्या माणसाला नाहीतर झोप येणार नाही: परदेशी रहिवाशाला क्रॅप्सच्या टेबलावरच्या जिंकण्यावर अमेरिकेत कर नाही, यंत्रावरच्या मोठ्या जिंकण्यातून मात्र कापला जातो, आणि भारतात तुम्ही रहिवासी असाल तर ते उत्पन्न दाखवायचं, तिथे दर 30 टक्के.

आता मुलाचं. पेन्शन तुमची आहे, 150 डॉलर कुठे घालवायचे याची परवानगी तुम्ही कुणाकडे मागू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पण परवानगी मागणं वेगळं आणि कळवणं वेगळं. तुम्ही पत्रात हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारलात, पैशांच्याही नंतर. म्हणजे तोच तुम्हाला जास्त टोचतोय. लपवलेल्या वीस डॉलरचं ओझं हरलेल्या दीडशेपेक्षा जास्त होतं. जेवताना सरळ सांगा, "मी क्रॅप्स शिकतेय, पाकिटात एवढे आहेत, बस सहाला परत येते." आणि जेवण झाल्यावर राजम्याचे दाणे मांडून त्याला शूटर करा. माझी खात्री आहे, दुसऱ्या दिवशी तोच विचारेल, वही कुठे आहे.

सुनेचा मुद्दा तेवढा हलका नाही. घरोघरी कोणीतरी शकुनीमामा काढतोच आणि त्यात तथ्य आहे. फक्त युधिष्ठिराकडे परतीच्या बसचं तिकीट नव्हतं. तुमच्याकडे आहे, आणि बस तुमच्यासाठी थांबणार नाही. एक मात्र लक्षात ठेवा. पाकीट संपल्यावर मैत्रिणीकडे कार्ड परत मागावंसं वाटलं, किंवा पुढच्या महिन्याची बस येईपर्यंत दिवस मोजायला लागलात, तर त्याच दिवशी सुनेला सांगा, तिच्याशीच बोला. न्यू जर्सीत याच कामासाठी 1-800-गॅम्बलर ही हेल्पलाइनही आहे, कॅसिनोच्या पाट्यांवर लिहिलेली दिसेल. अशी वेळ बहुतेकांवर येत नाही. ज्यांच्यावर येते त्यांना नियम चांगले पाठ असतात.

राहिलं साडीचं. तुम्ही विचारलं नाहीत, पण आमच्या हिने पत्र वाचून पहिलं हेच विचारलं. चपला सपाट, आणि साडी नेसणार असाल तर पदर घट्ट खोचून घ्या. कठड्यावरून वाकून चिप ठेवताना तो कापडावर लोळतो, आणि फासे येऊन त्यावर थांबले तर तिथलं दान वाचायला चार माणसं तुमच्या पदरावर वाकतील. त्यात 7 निघाला तर पुढच्या बसला पंजाबी ड्रेस घालूनच जावं लागेल.